गेन्सबरो : चेहऱ्यांचा वीट आलेला माणूस इतके जिवंत चेहरे कसे रंगवत होता?

कुंचला

मंडळी, लंडनहून परत येऊन महिना झाला, पण तिथे पाहिलेली एक बाई डोक्यातून जात नाहीये. हॅम्पस्टेड हीथच्या कडेला केनवुड हाउस म्हणून जुना वाडा आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. तिथे टॉमस गेन्सबरो या अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराने साधारण १७६४ मध्ये रंगवलेली मेरी, काउंटेस हाउ उभी आहे. पुरुषभर उंचीचं चित्र. गुलाबी रेशमी झगा, त्यावर झिरझिरीत लेसचा एप्रन, गळ्यात मोत्यांच्या सरी, डोक्यावर सपाट गवती टोपी. चेहरा असा की आत्ता काहीतरी बोलेल, पण आपल्याशीच बोलेल असं नाही.

मी त्या एप्रनपाशी नाक लावायला गेले (रखवालदाराने लगेच पाहिलं) आणि लेस गायब! नुसते पांढरट-करडे फटकारे, काही आडवे, काही नुसतेच ओरखडल्यासारखे. चार पावलं मागे आले, तर लेस परत जागेवर. हा खेळ मी सात-आठ वेळा केला असेल.

आता मूळ प्रश्न. मी स्वतः ऑर्डरची पोर्ट्रेट्स करते. बहुतेक वेळा फोटोवरून, आणि बहुतेक वेळा गेलेल्या माणसांची. गेन्सबरोचंही पोट पोर्ट्रेटांवरच भरत होतं, आणि त्याने विल्यम जॅक्सन या संगीतकार मित्राला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. मला पोर्ट्रेटांचा वीट आलाय, आपलं व्हायोल दा गाम्बा हे वाद्य उचलावं आणि एखाद्या गोड खेड्यात जाऊन निसर्गचित्रं काढत उरलेलं आयुष्य निवांत घालवावं, अशा अर्थाचं. ज्या कामाचा माणसाला इतका कंटाळा आहे, त्याच कामात त्याचा हात इतका जिवंत कसा राहतो? की मनापासून न केलेलं कामसुद्धा उत्तम होऊ शकतं? मला याचं उत्तर खरंच हवं आहे.

साइनबोर्ड

पहिला! 🙂

ताई, वीट सगळ्यांनाच येतो. मी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, फ्लेक्स येईपर्यंत. 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील? पण त्यातल्या 'भुसार'च्या 'भ'ची गाठ मारताना दर वेळी मजा यायची. वीट गिऱ्हाइकाचा येतो. हाताला वीट येत नाही.

टेम्सकाठी

केनवुडला आम्ही दर उन्हाळ्यात जातो, पोरं बाहेर हिरवळीवर लोळतात आणि मी आत त्या काउंटेसला भेटून येते. तिचा नवरा रिचर्ड हाउ आरमारात होता, पुढे मोठा ॲडमिरल झाला. हे चित्र बाथ या गावातलं आहे. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर प्रकृतीसाठी (आणि मुख्य म्हणजे मिरवण्यासाठी) इंग्लंडातली सगळी बडी मंडळी येत. गेन्सबरो १७५९ मध्ये तिथे जाऊन राहिला तो त्याचसाठी. गिऱ्हाईक आपल्या पायाने येत होतं.

चिकित्सक

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

जन्म १७२७, सफोकमधल्या सडबरी गावात. नऊ भावंडांत धाकटा. बापाचा कापडाचा धंदा होता, तो बुडाला. पोरगा तेराच्या आसपास असताना लंडनला गेला. तिथे ग्राव्हलो नावाच्या फ्रेंच रेखाटनकाराच्या हाताखाली शिकला. १७४६ मध्ये मार्गारेट बरशी लग्न. ही ड्यूक ऑफ ब्यूफर्टची अनौरस मुलगी. तिला ड्यूककडून वर्षाला २०० पौंड मिळत, म्हणजे सुरुवातीच्या पडत्या काळात घर बायकोच्या पैशावर तगलं. मग सडबरी, इप्सविच, बाथ, आणि १७७४ पासून लंडनला पॅल मॉलवरच्या शोमबर्ग हाउसमध्ये. मृत्यू २ ऑगस्ट १७८८.

दर सांगतो. १७८७ मध्ये नुसता चेहरा ४० गिनी, अर्धं अंग ८०, पुरुषभर चित्र १६०. गिनी म्हणजे २१ शिलिंग. निसर्गचित्रांना मात्र गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्या घरात रंगवायच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर ती ओळीने टांगलेली असत आणि चेहरा रंगवून घ्यायला आलेले लोक त्यांच्याकडे न बघता पुढे जात.

नदीकाठ

चिकित्सक, ते शेवटचं वाक्य वाचून पोटात तुटलं. आपलं आवडतं काम भिंतीला टांगलेलं आणि त्याच्यासमोरून लोक आरशासारखा स्वतःचा चेहरा शोधत चाललेत.

किल्लेदार

त्याच्या निसर्गचित्रांबद्दल एक गोष्ट कळली तेव्हापासून तो मला आपल्या आळीतला वाटतो. तो टेबलावर छोटा देखावा मांडायचा. फुटके दगड डोंगर म्हणून, वाळलेल्या काड्या-पानं झाडं म्हणून आणि आरशाचे तुकडे पाणी म्हणून. ब्रोकोलीचीही झाडं केली म्हणतात. ते बघून चित्र काढायचा.

हा दिवाळीतला किल्लाच झाला की! आम्ही पोत्यावर चिखल थापून त्यात हळीव पेरायचो, आईचा फुटका आरसा तळं म्हणून बसवायचो आणि पालथं झोपून जमिनीला गाल लावून बघायचो. तसं पाहिलं की किल्ला खरा दिसतो. अडीचशे वर्षांपूर्वी एक पन्नाशीचा इंग्रज टेबलाला हनुवटी टेकून हेच करत असणार.

प्राजक्ता_नगर

किल्लेदार, काय सुंदर प्रतिसाद! मला हळिवाचा वास आला.

आबाकाका

कुंचला, तुझ्या प्रश्नात एक गृहीतक आहे, त्यावर बोलतो. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा थोडं मास्तरी वाटलं तर चालवून घे.

गेन्सबरोला चेहऱ्यांचा कंटाळा होता, असं मला वाटत नाही. त्याला वैताग होता तो 'जंटलमन' नावाच्या प्राण्याचा. जॅक्सनलाच लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात तो म्हणतो की खऱ्या कलावंताला या सभ्य गृहस्थांएवढा शत्रू नाही. आपली सोबत आणि ओळख देऊन आपण चित्रकारावर उपकार करतो असं यांना वाटतं. यांच्याजवळ बघण्याजोगी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पैशाची थैली. यांचं काळीज दिसावं इतक्या जागेवर क्वचितच असतं.

आता ज्यांच्या काळजाशी त्याची ओळख होती, ती चित्रं बघ. आपल्या दोन लेकी, मेरी आणि मार्गारेट, फुलपाखरामागे धावताना त्याने १७५६ च्या सुमारास रंगवल्यात. हे चित्र अपुरं आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत. थोरलीचा झगा पिवळा, धाकटी पांढऱ्यात. धाकटी हात पुढे करते आहे आणि फुलपाखरू बसलंय काटेरी रोपावर. आता बोचणार, हे बापाला दिसतंय, थोरलीच्या तोंडावर किंचित काळजी आहे आणि धाकटीला काही पत्ता नाही. या चित्राचे कोणी ४० गिनी दिले नव्हते.

नदीकाठ

आबाकाका, त्या मुलींचं पुढे काय झालं हे माहीत असल्यामुळे मला ते चित्र बघवत नाही. मेरीने १७८० मध्ये फिशर नावाच्या ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) वाजवणाऱ्याशी लग्न केलं, ते काही टिकलं नाही, आणि तिचं मानसिक आजारपण वाढत गेलं. मार्गारेटने लग्न केलं नाही, बहिणीला सांभाळलं. काट्यावरचं फुलपाखरू पकडायला निघालेली ती धाकटी आयुष्यभर थोरलीचा हात धरून राहिली. त्यांची आणखी एक अपुरी जोडतसबीर आहे, त्यात मांडीवरच्या मांजराची नुसती रेघ उरलीये.

साइनबोर्ड

आबाकाकांचा आदर आहे, पण हे मला पटत नाही. ओळखीच्या माणसांचीच चित्रं चांगली झाली असती तर काउंटेस हाउचं काय? ती तर पैसे देणारं गिऱ्हाईकच होती. 'मिस्टर आणि मिसेस अँड्र्यूज' घ्या. कॅलेंडरवर, बिस्किटांच्या डब्यावर सगळीकडे तेच. तेही ऑर्डरचंच काम.

चिकित्सक

अँड्र्यूजच्या चित्राचा मुद्दा चांगला काढलात, पण ते चित्र आबाकाकांच्या बाजूनेही बोलतं. रॉबर्ट अँड्र्यूज गेन्सबरोच्याच गावचा, जवळपास त्याच्याच वयाचा. नवरा-बायको डाव्या कोपऱ्यात सरकवलेत, ओकच्या झाडाखाली. उरलेलं अर्धंअधिक चित्र म्हणजे त्यांची जमीन, कापणी झालेल्या पिकाच्या पेंढ्या, पलीकडे मेंढरं, झाडीतून डोकावणारं चर्चचं टोक. साधारण १७५० चं काम, गेन्सबरो तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा. गिऱ्हाइकाला मालकी दाखवायची होती, चित्रकाराला शेत रंगवायचं होतं. दोघांचं काम झालं.

आणि फ्रान्सिस अँड्र्यूजच्या मांडीवर एक जागा कोरी आहे. तिथे काय येणार होतं याचे अंदाज पुष्कळ आहेत, पक्षी, पुस्तक, पुढे होणारं मूल. कॅनव्हास मात्र तिथे तसाच उघडा आहे.

प्राजक्ता_नगर

म्हणजे सातबारा आणि लग्नाचा फोटो एकाच फ्रेममध्ये! माझ्या आजोबांचा असा फोटो आहे, विहिरीच्या इंजिनाला हात लावून उभे. आजी फोटोत अर्धीच आलीये.

मधुवंती

व्हायोल दा गाम्बाबद्दल सांगते, कारण ते गिटारसारखं वाजवतात असं कोणाला वाटू नये. हे वाद्य उभं धरून दोन्ही पायांत पकडतात आणि गजाने वाजवतात. आपल्या सारंगीचा आवाज आठवा, पण जरा खोल आणि दबका. त्या काळातला या वाद्याचा सर्वांत मोठा वादक कार्ल फ्रीडरिश आबेल हा गेन्सबरोचा जिवलग. त्याचं पोर्ट्रेटही त्याने केलंय, टेबलाखाली पांढरा कुत्रा आणि वाद्य मांडीला टेकवलेलं.

मला वाटतं संगीताची ही ओढ त्याच्या हातात उतरली आहे. कुंचलाताईंनी लेसचं वर्णन केलं ना, जवळून फटकारे आणि लांबून लेस, ते मला आलापीसारखं वाटलं. एकेक स्वर सुटा ऐकला तर काहीच नाही.

इतिहासवेडा

थोडं अवांतर, पण आपल्या कामाचं. लॉर्ड कॉर्नवॉलिसचं १७८३ मधलं पोर्ट्रेट गेन्सबरोचं आहे, लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला अमेरिकनांपुढे शरणागती पत्करून आलेला हा माणूस. पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणसमोर त्याच्या तळाशेजारी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे तळ होते. म्हणजे गेन्सबरोने ज्याचा चेहरा समोर बसवून रंगवला, त्याच्याशी आपल्या सरदारांनी वाटाघाटी केल्या.

आणि त्याच दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना समोर बसवून चित्र काढत होता. ते चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. तिकडच्या पोर्ट्रेटच्या धंद्याचं एक टोक असं शनिवारवाड्यापर्यंत आलं होतं.

पॅसाडेनाकर

'ब्लू बॉय'चं, गेन्सबरोच्या त्या निळ्या पोशाखातल्या पोराच्या चित्राचं नाव अजून कोणी काढलं नाही? मी त्याच्यापासून गाडीने वीस मिनिटांवर राहतो! कॅलिफोर्नियात सॅन मरिनो गावच्या हंटिंग्टन संग्रहालयात आहे. १९२१ मध्ये हेन्री हंटिंग्टनने ड्युव्हीन या दलालामार्फत ७,२८,८०० डॉलरला घेतला. इंग्लंड सोडण्यापूर्वी १९२२ मध्ये नॅशनल गॅलरीत तीन आठवडे ठेवला, तेव्हा सुमारे ९०,००० लोक निरोप द्यायला आले. बरोबर शंभर वर्षांनी, २०२२ च्या जानेवारीत, तो पाहुणा म्हणून लंडनला जाऊन आला.

असं ऐकलंय की निळा रंग चित्राच्या मध्यभागी वापरू नये असं त्याचा प्रतिस्पर्धी चित्रकार रेनल्ड्स म्हणाला, म्हणून त्याची जिरवायला गेन्सबरोने हे चित्र काढलं.

चिकित्सक

पॅसाडेनाकर, गोष्ट झकास आहे पण तारखा जुळत नाहीत. 'ब्लू बॉय' १७७० च्या सुमाराचा. रेनल्ड्स हे ज्या भाषणात म्हणाला ते १७७८ चं. खरं कारण व्हॅन डाइक हा आधीच्या शतकातला चित्रकार. त्याच्यावर गेन्सबरोचं अतोनात प्रेम. तो निळा साटिनचा पोशाखही गेन्सबरोच्या काळातला नव्हे, शंभर-सव्वाशे वर्षं आधीच्या व्हॅन डाइकच्या चित्रांतला आहे. पोरगा कोण, यावर वाद आहेत. पूर्वापार नाव जोनाथन ब्युटॉलचं, लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं. क्ष-किरणांत खाली आधी सुरू केलेलं एका मोठ्या माणसाचं चित्र दिसलं, आणि नंतर एक पांढरा कुत्राही. तो गेन्सबरोने रंगवून मग पुसून टाकला.

पॅसाडेनाकर

धन्यवाद! पुढच्या रविवारी कुत्र्याची जागा शोधतो.

कुंचला

सगळ्यांचे आभार, मी सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. साइनबोर्डदादा, 'भ'ची गाठ मनात राहिली. पण माझं समाधान अजून झालेलं नाही. आबाकाका म्हणतात ओळखीमुळे, मधुवंती म्हणते संगीतामुळे. पण तासाभरासाठी आलेल्या अनोळखी माणसाचं काय?

टेम्सकाठी

त्यावर एक उदाहरण आहे, आणि तास जवळजवळ तेवढाच आहे. इग्नेशियस सँचो. गुलामीतून आलेला काळा माणूस, ड्यूक ऑफ माँटग्यूच्या घरी चाकरीला. पुढे लंडनमध्ये किराण्याचं दुकान चालवलं, संगीतरचना केल्या, पत्रं लिहिली, आणि १७७४ च्या निवडणुकीत मत दिलं. गेन्सबरोने त्याला २९ नोव्हेंबर १७६८ ला बाथमध्ये एका बैठकीत रंगवलं, एक तास चाळीस मिनिटांत. चित्र आज ओटावाच्या नॅशनल गॅलरी ऑफ कॅनडात आहे.

चाकराचा गणवेश नाही, हातात तबक नाही. लाल जाकीट, सोनेरी काठ, एक हात जाकिटात खोचलेला, नजर बाजूला. कुठल्याही लॉर्डला मिळाली असती तीच प्रतिष्ठा त्याला दिलीये. अनोळखी माणसाला शंभर मिनिटांत इतकं बघता येणारा चित्रकार चेहऱ्यांना कंटाळलेला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

साइनबोर्ड

हे माहीत नव्हतं. आत्ताच फोनवर चित्र काढून बघितलं. बायकोलाही दाखवलं. ती म्हणाली, हा माणूस आत्ताच कोणाचं तरी बोलणं ऐकून हसू दाबतोय. टेम्सकाठी, मनापासून आभार.

चिकित्सक

कुंचला, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते उत्तर त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे.

एक, त्याचे कुंचले लांबलचक काठ्यांना बांधलेले असत, पुरुषभर लांब म्हणतात. मॉडेलपासून जितकं अंतर, तितकंच कॅनव्हासपासून. दोन्ही गोष्टी एकाच अंतरावरून दिसत. दोन, सुरुवात मंद उजेडात, कधी मेणबत्तीवर. त्यात नाकडोळ्यांआधी माणसाचा एकूण घाट दिसतो. तीन, कपडे तो स्वतः रंगवायचा. बाकीचे नामवंत चेहरा करून कपडे हाताखालच्या माणसांवर सोपवत. याच्याजवळ मदतीला फक्त भाचा, गेन्सबरो ड्युपाँ. म्हणजे ती लेस, ते साटिन हाच त्याचा निसर्ग. शेत रंगवायला मिळालं नाही, तर झग्याच्या चुण्यांत त्याने डोंगरउतार आणि ओढे शोधले.

आणि हे रेनल्ड्सनेच लिहून ठेवलंय. गेन्सबरो गेल्यावर १७८८ च्या डिसेंबरात रॉयल अकादमी या चित्रकारांच्या संस्थेत त्याने अख्खं भाषण त्याच्यावर केलं. जवळून जे विचित्र ओरखडे आणि खुणा वाटतात, त्या एका अंतरावर गेल्यावर जणू जादूने आकार घेतात, असं तो म्हणतो. तुम्ही केनवुडला सात-आठ वेळा केलं तेच. आणखी एक म्हणतो, की गेन्सबरो चित्राचे सगळे भाग एकदम पुढे नेत असे. आधी चेहरा पुरा, मग कपडे, मग झाडं, असं नाही.

आबाकाका

वा! चिकित्सक, तुमचा प्रतिसाद मी कापून वहीत चिकटवला असता. मी 'ओळख' म्हणालो ती दुरुस्त करतो. सँचोने माझा मुद्दा मोडला, आणि मोडला ते बरं झालं.

गेन्सबरोच्या या अकादमीशी झालेल्या भांडणाबद्दल एक सांगतो. १७८४ मध्ये अकादमीच्या प्रदर्शनात राजाच्या तीन थोरल्या मुलींचं चित्र गेन्सबरोने पाठवलं. नाजूक उजेडात रंगवलंय, ठरलेल्या उंचीपेक्षा खाली टांगा, म्हणाला. समितीने नाही म्हटलं. त्याने सगळी चित्रं परत मागवली आणि पुन्हा कधी तिथे पाठवली नाहीत, आपल्याच घरात प्रदर्शन मांडलं. संस्थापक सदस्य होता बरं का हा, १७६८ चा. लोकांना तो आडमुठेपणा वाटला असेल. पण ज्याचं सगळं चित्र अंतरावर उभं आहे, त्याला दोन हात वर टांगलं की लेसचे ओरखडेही राहत नाहीत आणि लेसही राहत नाही.

शेवटच्या आजारपणात त्याने रेनल्ड्सला घरी बोलावून घेतलं. आयुष्यभराची चुरस, पण तो आला. अंत्ययात्रेत खांदेकऱ्यांतही होता. लंडनजवळ क्यू गावच्या सेंट ॲन चर्चच्या आवारात गेन्सबरोला पुरलंय.

नदीकाठ

सारा सिडन्स या नटीचं पोर्ट्रेट करताना वैतागून म्हणाला म्हणे, या नाकाला काही अंतच नाही! तिचं १७८५ चं चित्र बघा, मोठी काळी टोपी, निळे पट्टे, आणि ते नाक. जराही लहान केलेलं नाही.

किल्लेदार

व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात त्याची एक पेटी आहे, काचेवर रंगवलेली निसर्गचित्रं आणि मागून मेणबत्त्या. रात्री स्वतःसाठी बघायचा. आम्ही किल्ल्यावर पणती ठेवून लाइट घालवायचो. आता थांबतो, नाहीतर मीच धागा किल्ल्यावर नेईन.

कुंचला

दहा दिवसांनी परत लिहितेय. एका निवृत्त हेडमास्तरांच्या पोर्ट्रेटची ऑर्डर आली. मुलाने पासपोर्ट फोटो पाठवला, म्हणाला एवढ्यावर करा. मी पहिल्यांदाच नाही म्हटलं आणि सरांनाच घरी बोलावलं. बायकोला घेऊन आले. त्या चहा पिताना मुलांच्या खोड्या सांगत होत्या, सर ऐकत नसल्यासारखं दाखवत होते.

कॅनव्हास त्यांच्या खुर्चीशेजारीच उभा केला. पडद्याच्या दांडीला कुंचला बांधला, खिडकी अर्धी लावून घेतली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. पहिली रेघ कपाळाऐवजी कानाच्या वर गेली. दुसरीही चुकली. तासाभराने खांदा भरून आला. पण खादीच्या सदऱ्याची कॉलर, जी मी एरवी दोन दिवस घोटत बसते, ती चार फटकाऱ्यांत बसलीये आणि ती सरांचीच कॉलर आहे. चेहरा अजून धूसर आहे. सरांच्या बायको लांबून बघून म्हणाल्या, "हे असेच बसतात."

परवा परत येणार आहेत.

आबाकाका

दांडी नको, वेळूची काठी घे, हलकी असते. आणि परवा नुसता चेहरा धरून बसू नकोस, खुर्चीही बरोबर पुढे ने.

साइनबोर्ड

ताई, गाठ पक्की मारा, सुतळीला आधी पाणी लावून. काठीवरून ब्रश निसटला की सरांच्या सदऱ्यावर जायचा.